दर मार्गशीर्षात जास्वंदीच्या कळ्या गळतात? आधी जात बघा

दिवाळीपर्यंत फुलांनी लगडलेली जास्वंद मार्गशीर्ष लागला की बिनसते. आधी खालची पानं पिवळी पडतात. मग कळ्या हरभऱ्याएवढ्या असतानाच देठासकट गळून कुंडीत पडलेल्या दिसतात. एखादी चुकून उमललीच, तर फूल नेहमीच्या निम्मं. आणि नेमक्या याच दिवसांत लाल फूल हवं असतं: गुरुवारच्या महालक्ष्मीच्या पूजेला, संकष्टीला, पुढे माघी गणेश जयंतीला.

होळीच्या सुमारास झाड आपोआप सावरतं. मधल्या काळात त्याला जे काही घातलेलं असतं, म्हणजे एप्सम सॉल्ट, आंबट ताक, कांद्याच्या सालींचं पाणी, केळीच्या सालींचं पाणी, त्यातल्या शेवटच्या उपायाला सगळं श्रेय मिळतं. पुढच्या वर्षी तोच उपाय डिसेंबरातच सुरू होतो आणि कळ्या तरीही गळतात.

नाशिक, निफाड, पुणे, जळगाव, नागपूर, गोंदिया, जिथे जिथे थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तिथली ही दरवर्षीची तक्रार. कोकणातल्या माणसाला ती कळतच नाही. रत्नागिरीची मावशी फोनवर सांगते, 'अगं, आमच्याकडे बाराही महिने फुलते, तुझंच काहीतरी चुकतंय.' तुमचं काही चुकत नाही. तिच्याकडे जानेवारीची रात्र १८-२० अंशांची असते, तुमच्याकडे ८-९ अंशांची. मुंबई, गोव्याचंही तेच. तिथून हौसेने आणलेलं रोप घाटावर पहिल्या थंडीत मान टाकतं, त्यात नवल नाही.

बागेत आपण लावतो ती जास्वंद मुळात उष्ण प्रदेशातली. १५ ते ३० अंशांच्या दरम्यान ती खूश असते. पारा १० च्या आसपास रेंगाळू लागला की वाढ जवळजवळ थांबते, मुळं पाणी आणि अन्नद्रव्यं संथ ओढतात आणि झाड आधी कळ्यांचा खर्च कमी करतं, मग जुन्या पानांचा. शून्याजवळ पानं काळवंडतात, शून्याखाली काही तास गेले तर फांद्या मरतात. महाराष्ट्रात तशी वेळ क्वचितच येते. त्यामुळे आपल्याकडचा प्रश्न झाड वाचवण्याचा नसतो, थंडीतही फुलत राहील असं झाड निवडण्याचा असतो.

आधी खात्री करा, थंडीच आहे ना?

सगळं खापर थंडीवर फोडण्याआधी गळलेली कळी उचला आणि नखाने उभी फाडा. आत पाकळ्यांची गुंडाळी स्वच्छ, कोरडी, कीड नसलेली दिसली, तर कारण थंडी किंवा पाणी. आत पांढुरक्या-पिवळट, डोळे ताणून बघाव्या लागतील इतक्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या, तर कळीत माशीने अंडी घातली आहेत. अशा वेळी जात बदलून उपयोग नाही. गळलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून, पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यायच्या. कुंडीत पडू दिल्या तर अळ्या मातीत उतरतात आणि त्यांचं चक्र चालू राहतं. पडलेल्या कळ्यांचं खत होईल म्हणून त्या तिथेच ठेवणारे पुष्कळ असतात. निदान या प्रकरणात तसं करू नका.

ढगाळ, थंड हवेत मावाही कळ्यांच्या देठांवर बसतो. हाताला चिकट लागलं आणि मुंग्यांची ये-जा दिसली की पानाची मागची बाजू बघा. पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबण. उन्हं कलल्यावर फवारायचं. कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो मिलीबग. त्याला ब्रश आणि चिकाटी लागते.

आता पानं. खालची, जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळत असतील आणि शेंड्याची पानं हिरवी असतील, तर ती थंडीची नेहमीची पानगळ, सोडून द्या. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्याकडची चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरचं जड पाणी यांत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि थंडीत मुळं मंदावली की ते जास्त उठून दिसतं. इथे एप्सम सॉल्ट घालण्यात अर्थ नाही, त्यात लोह नसतंच, मॅग्नेशियम असतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, मागा, पण 'ईडीडीएचए'वालं मागा. 'ईडीटीए'वालं स्वस्त असतं, चुनखडीच्या मातीत मात्र टिकत नाही.

तिसरी शक्यता पाण्याची, आणि माझ्या मते थंडीत दगावणाऱ्या जास्वंदींचा खरा शत्रू हाच. ऑक्टोबरात रोज तांब्याभर पाणी घालायची सवय डिसेंबरातही चालू राहते. झाड तेवढं पीत नाही, माती थंडगार चिखल होऊन बसते आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर पाणी नको, मग वरची माती कितीही कोरडी दिसो. पानं मलूल, माती ओली आणि कुंडीच्या तळाच्या भोकाशी कुबट वास, हे तिन्ही एकत्र असेल तर झाड उपसून काळी, बुळबुळीत मुळं कापा आणि भुसभुशीत, रेताड मिश्रणात लावा. खत घालू नका.

यातलं काहीच नसेल, फक्त पारा उतरला की कळ्या गळतात आणि चढला की थांबतात, तर मग जातीकडे वळा.

कुठली टिकते, कुठली रुसते

सगळ्यांत काटक आपली जुनी, पाच पाकळ्यांची एकेरी लाल देशी जास्वंद. वाड्यांच्या परसात, देवळाच्या कुंपणाला, शाळेच्या गेटाशी वर्षानुवर्षं उभी असते तीच. फांद्या लांब, पानं गडद आणि चकचकीत, फूल मध्यम. नर्सरीत तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण शेजारच्या कुंडीत ताटलीएवढं केशरी-जांभळं फूल डोलत असतं. पण जानेवारीत देवापुढे फूल ठेवायचं असेल तर हीच. थंडीत तिचीही फुलं कमी होतात आणि आकार घटतो, पण पूर्ण बंद ती सहसा पडत नाही. शिवाय गार हवेत एकेक फूल जास्त वेळ टिकतं. उन्हाळ्यात संध्याकाळी मिटणारं फूल थंडीत दुसऱ्या दिवशीही चांगलं दिसतं. एकेरी गुलाबी देशीही जवळपास तेवढीच दणकट आहे.

दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची लाल जास्वंद मधल्या फळीतली. झाड टिकतं, कळ्या मात्र गळतात, कारण एवढ्या पाकळ्या पोसायला झाडाकडे थंडीत ताकद नसते. दुहेरीतल्या काही जाती गारठ्यात चक्क एकेरी किंवा अर्धवट भरलेली फुलं देतात. नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, उन्हाळ्यात तेच झाड पुन्हा दुहेरी फुलतं. रंगही थंडीत गडद होतात, तोही थंडीचाच परिणाम.

पिवळी, विशेषतः दुहेरी पिवळी, कळ्या गाळण्यात पहिल्या नंबरची. तिला थंडीच कशाला, कुंडी जागची हलवली, एक दिवस पाणी चुकलं, तरी पुरतं. घाटावर ती लावू नका असं मी म्हणणार नाही, पण थंडीत तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

नर्सरीत 'हायब्रीड' किंवा 'ऑस्ट्रेलियन' म्हणून विकली जाणारी, दोन-तीन रंगांची मोठी फुलं देणारी रोपं ही सगळ्यांत नाजूक. फुलाचा आकार आणि रंग यांसाठीच त्यांची निवड झालेली असते, बहुतेकांची मुळं दुबळी, म्हणून ती देशी खुंटावर कलम करून विकतात. गोम पुढे आहे. थंडीत किंवा मुळं कुजल्याने वरचं कलम मरतं, खालचा खुंट जगतो आणि फेब्रुवारीत त्याला जोमदार फूट येते. मग लोक सांगतात, 'माझ्या केशरी जास्वंदीला लाल फुलं यायला लागली, माती बदलली म्हणून असेल का?' रंग बदललेला नसतो, झाडच बदललेलं असतं. बुंध्याशी, मातीपासून वीतभर अंतरात, खोडाला तिरकी गाठ दिसते तो कलमाचा जोड. त्याच्या खालून फुटणारी प्रत्येक फूट दिसताक्षणी मोडायची. वरचं पूर्ण वाळलेलं असेल तर मात्र खुंट ठेवा. काटक देशी जास्वंद फुकटात मिळाली समजा.

झुंबर जास्वंद, जिचं झालरीदार फूल लांब देठावर उलटं लोंबतं, ती मुळात पूर्व आफ्रिकेच्या उष्ण भागातली. तिला गारठा सोसत नाही. भिंतीचा आडोसा असेल तरच. पांढऱ्या-हिरव्या-गुलाबी पानांची शोभेची जास्वंदही तशीच. पानात हिरवा भाग कमी, म्हणून अन्न कमी, म्हणून थंडीतून सावरायला वेळ जास्त.

मिरची जास्वंदीला, कधीच पूर्ण न उमलणाऱ्या लाल लोंबत्या फुलांच्या झाडाला, उगाच कमी लेखतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती खरी जास्वंद नव्हे, त्याच कुळातली चुलत बहीण आहे. पण ऐन हिवाळ्यात फुलते, छाटणी सोसते, कुंपण करता येतं आणि शिंजीर तिच्यावर सकाळपासून असतात. बागेत थंडीतही लाल रंग हवा असेल तर एक कोपरा तिला द्या. पूजेला तिची फुलं चालतात की नाही, यावर घराघरांत वेगळी मतं आहेत. त्यात मी पडत नाही.

मेल्यासारखी दिसणारी, पण न मेलेली

नर्सरीत 'निळी जास्वंद' म्हणून जे जांभळट फुलांचं रोप मिळतं, ते वेगळ्याच जातीचं: हिबिस्कस सिरियाकस. पानं लहान, तीन भागांत कातरलेली, कडा दातेरी. नावात सिरिया असलं तरी ती मूळची चीनकडची, आणि दक्षिण कोरियात तिला राष्ट्रीय फुलाचा मान आहे. बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतही ती जगते, उणे २० अंशांपर्यंतची थंडी सोसते. मग निफाडची थंडी तिला काय करणार?

पण ती थंडी सोसते ती झोपून. हिवाळ्यात तिची पानं झडतात, कधी निम्मी, कधी सगळी, आणि नुसत्या काटक्या उरतात. ते बघून लोक पाणी वाढवतात, खत घालतात आणि झोपलेलं झाड खरोखर मारून टाकतात. एखाद्या काटकीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे; पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी, बाकी काही नको. उन्हाळा लागला की फुटेल आणि पावसाळ्यात फुलेल. माघी गणपतीला ती उपयोगाची नाही, हे मात्र घेतानाच लक्षात ठेवा.

तसंच सकाळी पांढरं उमलून दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी गडद होणाऱ्या फुलांचं मोठ्या पानांचं झाड, हिबिस्कस म्युटाबिलिस. पावसाळा सरता सरता ते बहरात येतं. कडक थंडीने शेंडे गेले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतं. जागा मात्र भरपूर लागते, कुंडीत त्याचं काही खरं नाही.

ग्वाल्हेर, इंदूरकडच्या मराठी घरांना हाच हिशेब एक पायरी पुढे न्यावा लागतो. ग्वाल्हेरात पारा ४-५ अंशांवर येतो, वर धुकं असतं आणि दिवसचे दिवस ऊन नसतं. तिथे देशी लाल जास्वंद जमिनीत, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून लावावी, हायब्रीड कुंडीत ठेवून रात्री आत घ्यावं. अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या ठिकाणी तर लाल जास्वंद कुंडीतच. रात्रीचा पारा १० अंशांकडे, म्हणजे तिकडच्या ५० फॅरनहाइटकडे आला की कुंडी घरात उजेडाच्या खिडकीशी, हीटरच्या झोतापासून लांब. अंगणात लावायला सिरियाकस किंवा तिकडचीच हिबिस्कस मॉशूटॉस. ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि मे महिना निम्मा सरला तरी कधी कधी डोकं वर काढत नाही, म्हणून घाईने उपटू नका. फुलं मात्र वीतभर रुंद.

जागा: एकाच सोसायटीत दोन हवामानं

थंड हवा जड असते, उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साठते. महाबळेश्वर गावात गारठा असतो, पण दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या परिसरातून, हे त्यामुळेच. तुमच्या बागेतही तसंच. कंपाउंडच्या सखल कोपऱ्यातली जास्वंद आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली जास्वंद एकाच जातीच्या असल्या तरी वेगळ्या वागतात. उघड्या गच्चीवर निरभ्र रात्री कुंडीतली उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. तीच कुंडी छज्जाखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवली तर दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. कुंड्या सुट्या ठेवण्यापेक्षा एकमेकींना चिकटवून ठेवा. फरशीवर नको, खाली लाकडी फळी किंवा थर्माकोलचा तुकडा सरकवा. मात्र हे हलवणं थंडी पडण्याआधी, दिवाळीच्या आसपासच करून घ्या, नाहीतर जागा बदलली म्हणूनही कळ्या गळतील.

पाणी द्यायचं ते सकाळी ऊन आल्यावर. टाकीतलं पहाटेचं गार पाणी नको. आमच्या भागातले द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करतात आणि बोअरचं किंवा विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात, कारण जमिनीतून आलेलं ते पाणी हवेपेक्षा कोमट असतं. आपल्या दोन कुंड्यांसाठी शेकोटी पेटवायला नको, पण पाण्याचं ते तत्त्व उचलण्यासारखं आहे.

शेणखत, निंबोळी पेंड जे काही द्यायचं ते दसरा-दिवाळीच्या दरम्यान. नोव्हेंबर संपत आला की युरियासारखी नत्राची खतं बंद. त्यांनी कोवळी फूट येते आणि थंडी आधी तिलाच झोडपते. फॉस्फरस जास्त असलेली 'फुलांची' खतंही जास्वंदीला मानवत नाहीत, थंडीत तर नाहीतच. पालाश, म्हणजे पोटॅश, थोडं चालेल.

नवं रोप घ्यायचं असेल तर

लोक जास्वंद घ्यायला पावसाळ्यात जातात. सगळीच झाडं तेव्हा फुललेली असतात, त्यामुळे काटक कोण आणि नाजूक कोण हे कळायला मार्ग नसतो. निवड जानेवारीत करा. नर्सरीत जाऊन शेडनेटच्या बाहेर, उघड्यावर ठेवलेल्या रोपांमधून फेरी मारा. कुठल्यावर आत्ता कळ्या आहेत, कुणाची पानं हिरवी आहेत, बघा. बुंध्याशी कलमाची गाठ आहे का, ते पाहा. गाठ नसलेलं, स्वतःच्या मुळांवरचं रोप घाटावरच्या बागेला बरं. फुलासकट बंदिस्त खोलीत किंवा प्लास्टिकच्या हरितगृहात ठेवलेल्या रोपावर भुलू नका. ते घरी आणल्यावर चार रात्रींत सगळ्या कळ्या टाकून देईल.

त्याहून चांगला आणि बिनपैशाचा मार्ग म्हणजे आपल्याच गल्लीतली फेरी. कडाक्याच्या थंडीत सकाळी फिरायला जाल तेव्हा कुणाच्या कुंपणावर जास्वंद फुललेली आहे, ते हेरून ठेवा. ते झाड तुमच्याच थंडीत, तुमच्याच पाण्यावर पास झालेलं असतं. त्या काकूंकडून एक फांदी मागून घ्या. फुलं तोडणाऱ्यांचा राग असतो, छाटणीची फांदी देताना सहसा कोणी कुरकुरत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली काडी घ्या. डोळ्याच्या, म्हणजे पान जिथून फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली तिरका काप द्या, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, आणि रेती-कोकोपीटमध्ये सावलीत लावा. हे जानेवारीत करू नका, गार मातीत मुळं फुटत नाहीत, काडी कुजते. फेब्रुवारी संपताना किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला काड्या सहज धरतात.

जुन्या झाडाची छाटणीही तोपर्यंत थांबवा. वाळकी टोकं कितीही डोळ्यांत खुपली तरी ती आतल्या फुटीला आडोसा देतात, आणि डिसेंबरात छाटलेल्या झाडाला जी कोवळी पालवी येते ती पुढच्या लाटेत करपते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं म्हणतात. कात्री त्यानंतर काढा. जास्वंद नव्या फुटीच्या शेंड्यावर फुलते, त्यामुळे तेव्हा एक तृतीयांश उंची कमी केली, बुंध्याभोवती शेणखत टाकून माती हलवली, की उन्हाळ्याच्या तोंडावर फुलं सुरू होतात. हायब्रीड असेल तर कापताना कलमाचा जोड कुठे आहे ते आधी बघा, त्याच्या खाली कापू नका.